शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करणाऱ्या गव्हर्नरचा पुतळा कोल्हापूरकरांनी का फोडला?

शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही फाउंड्रीच्या गेटवर दहा मिनिटं थांबा. भंगाराचा ट्रक आत जाताना दिसेल आणि कास्टिंग भरलेला टेम्पो बाहेर पडताना. आत काय होतं हे इथल्या पोरांना सांगायला नको. जुनं लोखंड भट्टीत जातं, पाणी होतं, लॅडलमधून वाळूच्या साच्यात ओतलं जातं आणि गार झालं की कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा नाहीतर ट्रकचा पार्ट होऊन बाहेर येतं. भंगाराची ग्रेड बघतात, इतिहास कुणी बघत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका फाउंड्रीत मात्र भट्टीत जाणाऱ्या धातूचा इतिहास जगानं बघितला. तापून लालभडक झालेला एका माणसाचा चेहरा, असे त्याचे फोटो व्हायरल झाले. तो चेहरा होता जनरल रॉबर्ट ली याचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ असं यादवी युद्ध झालं. गुलामगिरी टिकावी म्हणून दक्षिणेकडची राज्यं देशातून फुटली, त्यांच्या फौजेचा हा सर्वात नावाजलेला सेनापती. त्याचा ब्राँझचा पुतळा व्हर्जिनिया राज्यातल्या शार्लट्सव्हिल गावात, एका सार्वजनिक बागेत उभा होता. २०१६ मध्ये तो काढायची मागणी झाली. २०१७ मध्ये तो वाचवायला आलेल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी शहरात धिंगाणा घातला, त्यातल्या एकानं गर्दीत गाडी घुसवली आणि एका तरुणीचा जीव गेला. २०२१ मध्ये पुतळा उतरवला आणि २०२३ मध्ये वितळवला.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. युद्ध संपलं १८६५ मध्ये, पुतळा उभा राहिला १९२४ मध्ये. म्हणजे मधे ५९ वर्षं गेली होती. तो पुतळा हरलेल्या सेनापतीपेक्षा १९२४ मध्ये त्या गावात कुणाची चलती होती, हे जास्त सांगत होता.

अमेरिकेत यावर अजूनही वाद चालतो. पुतळा काढला म्हणजे इतिहास पुसला का, माणूस चांगला होता की वाईट, म्युझियममध्ये ठेवला असता तर काय बिघडलं असतं, वगैरे. शिरोलीपासून काही किलोमीटरवर असलेल्या एका चौकानं हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वीच निकालात काढला होता.

शिरोलीतून शहरात यायचं म्हणजे तावडे हॉटेलपाशी हायवे सोडायचा. मग ताराराणी चौकात घोड्यावरच्या महाराणी ताराराणी दिसतात. पुढं दसरा चौकात राजर्षी शाहू महाराज. तिथून भाऊसिंगजी रोडनं सरळ आलं की शिवाजी चौक. कोल्हापुरात मॅच जिंकल्याचा जल्लोष असो की मोर्चा, गर्दी आपोआप ज्या पुतळ्याभोवती जमते तो हा पुतळा. याच जागी आधी एका इंग्रज गव्हर्नरचा पुतळा होता. त्याचं नाव सर लेस्ली ऑर्म विल्सन.

आता इथंवर बऱ्याच कोल्हापूरकरांना माहिती असतं. विल्सनचा पुतळा क्रांतिकारकांनी फोडला, तिथं महाराजांचा पुतळा बसवला. पण हा विल्सन होता कोण? त्यानं असं काय केलं होतं?

विल्सनचा जन्म १ ऑगस्ट १८७६ चा, लंडनचा. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकला आणि विशीच्या आत रॉयल मरीन्समध्ये, म्हणजे आरमाराच्या लढाऊ पायदळात दाखल झाला. इंग्रजांचं साम्राज्य तेव्हा ऐन भरात होतं. असल्या पोराला जगभर फिरायला मिळायचं, फक्त बंदूक बरोबर असायची. दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि डच वंशाचे बोअर शेतकरी यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा विल्सन तिकडं गेला, जबर जखमी झाला आणि डीएसओ हे शौर्यपदक घेऊन परतला.

१९०३ ते १९०९ तो ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्सच्या गव्हर्नरचा एडीसी होता. एडीसी म्हणजे साहेबाच्या मागं रुबाबात उभा राहणारा लष्करी अधिकारी. गव्हर्नरकी कशी करायची याचं ट्रेनिंग त्याला तिथंच मिळालं म्हणायचं. बायकोही त्याला सिडनीचीच मिळाली.

मग राजकारण. १९१३ मध्ये तो हुजूर पक्षाकडून रेडिंग मतदारसंघातून खासदार झाला. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर खासदारकी असताना पुन्हा युनिफॉर्म चढवला. रॉयल नेव्हल डिव्हिजनच्या हॉक बटालियनचं नेतृत्व करत गॅलिपोलीत लढला, नंतर फ्रान्सच्या आघाडीवर गेला. १९१६ मध्ये तिथं पुन्हा गंभीर जखमी झाला. म्हणजे माणूस खुर्चीत बसून हुकूम सोडणाऱ्यांतला नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं मान्य करायला हरकत नाही.

युद्धानंतर तो पक्षाचा चीफ व्हिप झाला. १९२२ मध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्जच्या आघाडी सरकारातून हुजूर पक्षानं बाहेर पडायचं ठरवलं, ती कार्लटन क्लबची बैठक ब्रिटिश राजकारणात फार गाजलेली. तिथं चीफ व्हिप विल्सन स्वतःच्या पक्षाध्यक्षाविरुद्ध, आघाडी मोडायच्या बाजूनं उभा राहिला. आघाडी मोडली, सरकार गेलं. लगेच झालेल्या निवडणुकीत विल्सन मात्र पडला, मग पोटनिवडणुकीतून कसाबसा संसदेत परतला. वर्षभरात त्याला मुंबईचा गव्हर्नर करून पाठवलं.

डिसेंबर १९२३ मध्ये विल्सननं कारभार हातात घेतला. तेव्हाचा मुंबई इलाखा म्हणजे आजचा निम्मा महाराष्ट्र, गुजरातचा भाग, उत्तर कर्नाटक आणि कराचीसकट अख्खा सिंध. पावसाळ्यात गव्हर्नरचा मुक्काम पुण्याच्या गणेशखिंडीत असायचा. आज जिथं पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे ना, ते त्याचं घर.

त्याच्या कारकिर्दीतली पाच वर्षं बघितली तर महाराष्ट्राच्या इतिहासाचा निम्मा सिलॅबस होतो. सावरकरांची येरवड्यातून अटी घालून सुटका झाली आणि त्यांना रत्नागिरीत स्थानबद्ध केलं, ते जानेवारी १९२४ मध्ये. त्याच महिन्यात येरवड्यातले कैदी गांधीजी यांचं ससून रुग्णालयात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि फेब्रुवारीत सरकारनं त्यांना सोडून दिलं. १९२७ मध्ये महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि वर्ष संपता संपता मनुस्मृतीचं दहन. डॉ. आंबेडकरांची मुंबईच्या कायदेमंडळावर सरकारनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक झाली, तीही याच काळात. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. या सगळ्यात विल्सनचा हात होता असं नाही. पण या सगळ्या फायली ज्या टेबलावर यायच्या ते टेबल त्याचं होतं.

नगर जिल्ह्यात प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण आहे. पावसाळ्यात अंब्रेला धबधब्याखाली रील काढायला गेला असाल तर ज्या धरणापाशी उभे होता त्याचं अधिकृत नाव विल्सन डॅम. काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं, तो आला आणि १९२६ मध्ये उद्घाटन करून गेला. दगड फोडणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत, फीत कापणाऱ्याचं नाव लागलं. हे काही इंग्रजांबरोबर संपलं असं म्हणायची सोय नाही.

आता १९२८ चा जून महिना. विल्सनला समजून घ्यायचं तर हा एक महिना पुरेसा आहे.

पुण्यात शिवाजी महाराजांचं स्मारक व्हावं, ही धडपड कोल्हापूरची. राजर्षी शाहू महाराजांनी ती मनावर घेतली होती. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी त्यांनी पायाभरणीसाठी चक्क इंग्लंडच्या युवराजाला, प्रिन्स ऑफ वेल्सला पुण्यात आणलं. देशभर युवराजावर बहिष्कार चालू होता, मुंबईत त्याच्या आगमनावरून दंगल पेटली होती. शाहू महाराजांवर टीका होणारच होती आणि झाली. पण दुसऱ्या बाजूनं विचार करून बघा. इंग्रजांच्या पुस्तकांत ज्या शिवाजी महाराजांचा उल्लेख लुटारू म्हणून व्हायचा, त्यांच्या स्मारकाच्या पायाचा दगड इंग्रजांच्या भावी राजाला बसवायला लावला. इंग्रजांचाही हिशेब होताच. महायुद्धात मराठा पलटणींनी मेसोपोटेमियात रक्त सांडलं होतं, पुढंही जवान लागणार होते.

शाहू महाराज मे १९२२ मध्ये गेले. त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी काम पुढं नेलं. अलिबागजवळच्या सासवन्याचे शिल्पकार नानासाहेब करमरकर यांनी साडेतेरा फूट उंचीचा अश्वारूढ पुतळा घडवला. १६ जून १९२८ रोजी पुण्यात भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, त्याचं अनावरण झालं. ज्याच्या हस्ते झालं तो मुंबईचा गव्हर्नर सर लेस्ली विल्सन. हा पुतळा आजही तिथं, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात उभा आहे.

त्याच जूनमध्ये, विल्सनच्याच इलाख्यात, सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीत वेगळंच चित्र होतं. सरकारनं शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारीपासून सारा भरायचा बंद केला होता. सरकारची माणसं घरात शिरून भांडी उचलत होती, म्हशी ओढून नेत होती, जमिनी जप्त करून मातीमोल किमतीत विकत होती. जप्तीवाले आले की गावकरी दारं लावून घ्यायचे आणि म्हशीही घरातच कोंडायचे. महिनोन्‌महिने.

रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नका, असं आपल्या सैन्याला बजावणाऱ्या राजाच्या पुतळ्यावरचा पडदा जो गव्हर्नर पुण्यात बाजूला करत होता, त्याच गव्हर्नरचं सरकार बारडोलीत म्हशी ओढत होतं. ही विसंगती त्या दिवशी मंडपातल्या किती जणांच्या डोक्यात आली असेल कुणास ठाऊक.

जुलैमध्ये विल्सन सिमल्याला जाऊन व्हाइसरॉयला भेटला, सुरतेत येऊन वल्लभभाईंशी बोलला. बोलणी फिसकटली. मग त्यानं कायदेमंडळात उभं राहून चौदा दिवसांची मुदत दिली. वर्तमानपत्रांत आता लष्कर घुसणार अशी चर्चा सुरू झाली. पण लष्कर आलं नाही. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात तडजोड झाली आणि सरकारनं चौकशी मान्य केली. ब्रूमफिल्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी हिशेब तपासला आणि सहा टक्क्यांच्या आसपासची वाढ पुरेशी आहे असं सांगितलं. २२ कुठं आणि ६ कुठं! यातला ब्रूमफिल्ड म्हणजे ज्यानं १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली तोच न्यायाधीश. वल्लभभाईंचे ‘सरदार’ झाले ते याच लढ्यात.

विल्सनचे समर्थक इथं सांगतील की त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर गोळ्या चालल्या असत्या. शक्य आहे. जालियनवाला बाग होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. विल्सन डायर नव्हता. पण चुकीचा सारा लावला, चार महिने लोकांची भांडीकुंडी उचलली आणि शेवटी मागं फिरला, याला दयाळूपणा म्हणायचं का, हेही विचारायला पाहिजे.

डिसेंबर १९२८ मध्ये विल्सनची मुदत संपली आणि तो इंग्लंडला परत गेला.

कोल्हापुरात त्याचा पुतळा का उभा राहिला, तर त्या काळी संस्थानांचा व्यवहारच तसा होता. कोल्हापूर संस्थानाला गादी होती, दरबार होता, पण डोक्यावर ब्रिटिश रेसिडेंट होता आणि तो मुंबई सरकारला उत्तर द्यायचा. गव्हर्नरची मर्जी सांभाळणं हा कारभाराचाच भाग. म्हणून इमारतींना, पुलांना, दवाखान्यांना साहेबांची नावं द्यायची. सीपीआर हॉस्पिटलचं जुनं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. शेजारी सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल झाला. याच रीतीनं भाऊसिंगजी रोडच्या टोकाला, जुन्या राजवाड्याच्या वाटेवर, शहराच्या ऐन मध्यावर विल्सन उभा राहिला. यात शहराला कुणी काही विचारलं नव्हतं, कारण विचारायची पद्धतच नव्हती.

पुढची काही वर्षं त्याच्या अंगाखालून टांगे गेले, सायकली गेल्या. मग १९४२ आलं.

कोल्हापुरात तेव्हा परिस्थिती नाजूक होती. राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते, संस्थानात रेसिडेंटचा शब्द आणखी वजनदार झाला होता. दुसरीकडं प्रजा परिषदेच्या रूपानं लोक जबाबदार राज्यपद्धती मागत होते. भाई माधवराव बागल, रत्नाप्पाण्णा कुंभार ही नावं घराघरात पोचली होती. ऑगस्टमध्ये चले जाव सुरू झालं आणि संस्थानातही ठिणग्या पडल्या. १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला, त्यात सात जण हुतात्मा झाले.

याच धामधुमीत दोन बायका विल्सनच्या पुतळ्यापाशी पोचल्या. भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे. त्यांनी पुतळ्यावर ॲसिड ओतलं आणि पुतळा विद्रूप केला. आज आपण पुतळ्यांवरून होणारे वाद टीव्हीवर बघतो तेव्हा पडद्यावर बहुतेक पुरुषच ओरडताना दिसतात. कोल्हापुरात पहिला हात बायकांनी घातला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. भर चौकात, पोलिसांचा पहारा असणाऱ्या शहरात, पकडलं गेलं तर काय होईल हे पक्कं माहीत असताना.

पुतळा विद्रूप झाला तरी जागेवरच होता. पुढं क्रांतिकारकांच्या एका गटानं तो फोडूनच टाकला.

आता खरा पेच उभा राहिला. फोडलेला पुतळा सरकार पुन्हा बसवू शकत होतं. असं किती वेळा फोडणार? मग अशी युक्ती निघाली की त्या जागी असा कुणाचा तरी पुतळा बसवायचा की त्याला हात लावायची हिंमत इंग्रजांना होणार नाही आणि दरबारालाही नाही म्हणता येणार नाही. छत्रपतींच्याच गादीच्या गावात छत्रपतींच्या पुतळ्याला कोण अडवणार? चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकर आणि शहरातल्या मंडळींनी पुढाकार घेतला. पुतळा घडवायचं काम गेलं कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्याकडं.

बाबूराव म्हणजे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचं वेड लागलं, तर या माणसानं दामल्यांना बरोबर घेऊन १९१८ मध्ये कोल्हापुरातच कॅमेरा बनवला. परदेशी कॅमेरा मिळेना म्हणून काही अडलं नाही. १९२० मध्ये त्याच कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आज शिरोलीत एखादा मेस्त्री जर्मन मशीनचा न मिळणारा पार्ट बघून बघून इथंच तयार करतो ना, त्याच जातकुळीतले बाबूराव. चित्र, कॅमेरा, मूर्ती, ओतकाम, सगळं एकाच हाताला येत होतं.

१९४५ मध्ये त्यांनी घडवलेला शिवरायांचा पुतळा विल्सनच्या जागी उभा राहिला. देश अजून पारतंत्र्यात होता. स्वातंत्र्याला दोन वर्षं बाकी होती.

मुंबईत हेच व्हायला कितीतरी जास्त वेळ लागला. गेटवे ऑफ इंडियासमोर पंचम जॉर्जच्या जागी शिवराय अश्वारूढ झाले ते १९६१ मध्ये, महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर. काळा घोडा, म्हणजे घोड्यावरचा सातवा एडवर्ड, १९६५ मध्ये हलवला. मुंबईनं त्याला फोडला नाही, राणीच्या बागेत नेऊन ठेवला. तो अजून तिथं आहे, बाकीचे काही साहेबही तिथं आहेत. म्युझियममध्ये ठेवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं मुंबईत असं प्रत्यक्षात आलं. पण मुंबईत पुतळे हलवले तेव्हा सरकार आपलं होतं, क्रेन आपली होती, हुकूम आपला होता. १९४२ च्या कोल्हापुरात अर्ज करून पुतळा हलवायला सांगायचं तर अर्ज ज्याच्याकडं करायचा तोच पुतळा बसवणारा. शार्लट्सव्हिलमध्ये निदान नगरपालिकेत मतदान तरी झालं, कोर्टात वर्षानुवर्षं केस तरी चालली. ॲसिड आणि क्रेन यांच्यातला फरक बघताना हे विसरून चालत नाही.

कोल्हापूर तिथं थांबलंही नाही. १९५० मध्ये माधवराव बागलांच्या पुढाकारानं बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. एका चौकात कुणाला उतरवायचं आणि दुसऱ्या चौकात कुणाला बसवायचं, दोन्ही गोष्टी या शहरानं आठ वर्षांच्या आत स्वतः ठरवल्या.

जाता जाता ओतकामाविषयी एक. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये थाटामाटात अनावरण झालेला शिवरायांचा ३५ फुटी पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. बाबूरावांच्या पुतळ्यानं १९४५ पासून किती पावसाळे काढले ते मोजा. उंची वाढवायला टेंडर पुरतं, कास्टिंगला मेस्त्री लागतो, हे शिरोलीत कुणालाही विचारा.

आणि विल्सन? त्याचा पुतळा फोडला तेव्हा तो जिवंत होता. जिवंतपणी पुतळा उभा राहिलेला आणि जिवंतपणीच तो पडलेला बघणारी माणसं जगात थोडीच असतील. १९३२ पासून तो ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा गव्हर्नर होता. जवळपास चौदा वर्षं त्या पदावर राहिला, एवढा काळ तिथं दुसरा कुणीच राहिला नाही. कोल्हापुरात त्याच्या पुतळ्यावर ॲसिड पडलं तेव्हा त्याच्या ब्रिस्बेन शहरात जनरल मॅकआर्थरचं मुख्यालय होतं, रस्ते अमेरिकन सैनिकांनी भरले होते आणि जपानशी युद्ध चालू होतं. तिकडं लोकांनी निवडलेलं सरकार होतं, गव्हर्नरचं काम सह्या करायचं, शाळांना भेटी द्यायचं, स्काउटच्या पोरांना शाबासकी द्यायचं. म्हशी जप्त करायची वेळ त्याच्यावर तिथं आली नाही. तिकडची प्रजा मतदार होती. माणूस तोच, खुर्चीचं नावही तेच, पण समोरच्या लोकांच्या हातात मत होतं.

१९४६ मध्ये तो निवृत्त होऊन इंग्लंडला गेला आणि २९ सप्टेंबर १९५५ रोजी सरे परगण्यात वारला. वय ७९.

कोल्हापुरात त्याचा पुतळा उरला नाही, नाव मात्र पूर्ण गेलं नाही. लक्ष्मीपुरीत जयंती नाल्यावर जो पूल आहे त्याला लोक आजही विल्सन पूलच म्हणतात. शिरोलीतून माल घेऊन लक्ष्मीपुरीत आलेला टेम्पोवाला फोनवर पत्ता विचारतो, पलीकडून कुणीतरी विल्सन पुलापाशी थांबायला सांगतं, आणि तो बरोबर तिथं येऊन थांबतो.